थळघाटातील पांढरे स्फटिक, विहिरीतला गेरू आणि चंद्रावरची माती

गोदातीर:

नमस्कार. नाशिक शहरात आणि त्र्यंबकेश्वर व इगतपुरी तालुक्यांतील शाळांमध्ये आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षे दुर्बीण घेऊन जातो. चंद्र दाखवणे सोपे असते, कारण दुर्बिणीला डोळा लावल्यावर चंद्रच लोकांना धरून ठेवतो. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, हे तिसरीतल्या मुलांनाही ठाऊक असते. मात्र तेथे उतरून काय सापडले, असे विचारले की शिक्षकांसह सगळे गप्प होतात. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. उतरण्याचा क्षण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि मातीविषयीचा महत्त्वाचा निष्कर्ष त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २०२४ मध्ये, 'नेचर' या नियतकालिकात आला. तोवर बातमीचे दिवस सरले होते.

तो निष्कर्ष थोडक्यात असा आहे. प्रज्ञान रोव्हरवरील क्ष-किरण उपकरणाने सुमारे शंभर मीटरच्या वाटेवर २३ मापने केली. हे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तयार केले होते. माती जवळपास सर्वत्र एकसारखी आढळली आणि तिची घडण फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइट या खडकाशी जुळली. हा खडक मुख्यत्वे प्लॅजिओक्लेज या पांढरट खनिजाचा असतो. जन्मानंतर चंद्राचा वरचा भाग वितळलेल्या शिलारसाचा महासागर होता, तो निवत असताना जड खनिजे खाली बसली आणि हलके प्लॅजिओक्लेज वर तरंगून त्याचे कवच तयार झाले, ही कल्पना अर्ध्या शतकापूर्वीची आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात प्रत्यक्ष जमिनीवर केलेल्या मोजमापाचा आधार तिला आता प्रथमच मिळाला.

हे सगळे मी फळ्यावर आकृती काढून सांगत असे, आणि मुले नम्रपणे ऐकून घेत असत. इगतपुरीजवळच्या एका शाळेत मात्र वेगळे घडले. शाळेच्या आवाराला रचलेल्या दगडांचा गडगा आहे. त्यातील एका काळ्या दगडात बोटाच्या पेरापेक्षा लांब, चपटे, पांढरट स्फटिक आडवेतिडवे विखुरलेले होते. आमच्यासोबत भूशास्त्राचा एक पदवीधर होता, त्याने ते प्लॅजिओक्लेज असल्याचे सांगितले. तोवर ज्या मुलांनी एकही प्रश्न विचारला नव्हता, त्यांनी पुढचा तासभर आम्हाला सोडले नाही, कारण त्या गडग्यावर ती रोज बसत होती.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की अवकाशातील शोध सांगण्याची सुरुवात आकाशापासून करण्याऐवजी पायाखालच्या दगडापासून करावी. परंतु हा दुवा शास्त्रीयदृष्ट्या किती खरा आहे, आणि तो जोडताना आपण मुलांना काही चुकीचे तर शिकवत नाही ना, याविषयी जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

अंजनेरी:

मी नाशिकमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भूशास्त्र शिकवते. आपण पाहिलेल्या दगडाला आम्ही 'जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट' म्हणतो (बेसॉल्ट म्हणजे लाव्हा निवून झालेला काळा खडक), आणि त्याच्या एका थराला शास्त्रीय लेखनात थळघाटाचेच, म्हणजे कसाऱ्याच्या घाटाचे, नाव आहे. आपल्या भागातील लाव्हाथरांच्या गटांना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर अशी नावे आहेत, आणि या पाचांचा मिळून 'कळसूबाई उपगट' होतो. जगभरच्या संशोधकांच्या तोंडी असलेली ही नावे इथल्या विद्यार्थ्यांना केवळ रेल्वे स्थानके आणि सहलीची ठिकाणे म्हणून माहीत असावीत, याचे मला दर वर्षी नव्याने वाईट वाटते.

आता दुव्याविषयी. तो खरा आहे, पण दोन अटींवर. पहिली अट अशी की प्लॅजिओक्लेज हे एकच खनिज नसून खनिजांचे एक कुळ आहे, आणि त्याच्या एका टोकाला कॅल्शियम तर दुसऱ्या टोकाला सोडियम असते. चंद्राच्या कवचातील प्लॅजिओक्लेज जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियमच्या टोकाचे आहे. थळघाटातील स्फटिकांत सोडियमचे प्रमाण बरेच अधिक आहे. दुसरी अट प्रमाणाची आहे. चंद्रावर ही प्रक्रिया संपूर्ण गोलावर, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी झाली. आपल्याकडे ती जमिनीखालच्या शिलारसाच्या कोठीत झाली. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात शिलारस त्या कोठीत साचून सावकाश निवत राहिला, स्फटिकांना वाढायला अवधी मिळाला, आणि पुढच्या उद्रेकाने त्यांना लाव्हासोबत बाहेर आणले. म्हणून इतका मोठा स्फटिक दिसला की त्या उद्रेकापूर्वी एक शांत काळ होता, असे आम्ही वाचतो. मुलांना तरंगण्याची कल्पना द्यायची असेल, तर गुऱ्हाळातल्या कढईत मळी कशी वर येते, हे उदाहरण मी वापरते. चंद्राच्या कवचाला ते पुष्कळसे लागू पडते.

मात्र माझी सूचना अशी आहे की केवळ पांढऱ्या स्फटिकावर थांबू नये. कसाऱ्याच्या घाटात, हरिश्चंद्रगडाकडे किंवा भंडारदऱ्याच्या वाटेवर काळ्या कड्यांच्या मध्ये विटेच्या रंगाचे पट्टे दिसतात. लोक त्यांना गेरू म्हणतात. एक लाव्हाथर निवला, त्याच्यावर ऊन-पाऊस पडून त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती माती झाकली. या पट्ट्यांपैकी बरेचसे असे तयार झाले. गेल्या दशकातील दख्खनविषयक मोठ्या संशोधनापैकी एक याच लाल मातीवर उभे आहे. कालमापनासाठी झिरकॉन हे खनिज सर्वोत्तम मानतात, कारण स्फटिक बनताना ते युरेनियम आत घेते आणि शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे नंतर त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या क्षयातून आलेले असते आणि त्यावरून वय काढता येते. अडचण अशी की बेसॉल्टमध्ये झिरकॉन फारसा तयारच होत नाही. परंतु उद्रेक थांबलेल्या काळात दुसऱ्या, स्फोटक ज्वालामुखींची राख उडून या मातीवर पडली होती, आणि तिच्यात झिरकॉनचे सूक्ष्म कण होते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने अमरावती विद्यापीठातील संशोधकाच्या सहभागाने ते कण वेचले आणि २०१५ मध्ये त्यांची वये प्रसिद्ध केली. पश्चिम घाटातील बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांहून कमी काळात बाहेर पडला, हे त्यातून इतक्या नेमकेपणाने दिसले.

सह्यभ्रमंती:

अंजनेरीताई, माहिती फार मोलाची आहे. मी गडवाटांवर येणाऱ्या गटांना थोडी भूशास्त्रीय माहिती देतो. माझा अनुभव असा की डायनोसॉरचे नाव काढल्याशिवाय लोक थांबून ऐकत नाहीत. 'डायनोसॉर ज्याने संपवले तो हा सह्याद्री' असे म्हटले की सगळे कड्याकडे वळून पाहतात. दख्खनच्या उद्रेकांचा काळ आणि डायनोसॉरच्या अंताचा काळ एकच असेल, तर हे वाक्य वापरण्यास हरकत नसावी, असे मला वाटते. लोक आले तरच विज्ञान पोहोचेल.

अंजनेरी:

हरकत आहे, आणि ती मी सविस्तर मांडते, कारण आपल्यासारखे वाटाडे वर्षभरात जितक्या लोकांशी बोलतात तितक्या लोकांशी माझ्यासारखी प्राध्यापिका बोलत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक झिरकॉनवर आधारित, प्रिन्स्टनचा. दुसरा आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारित, बर्कलीचा, ज्यात मुंबईच्या आयआयटीचाही सहभाग होता. पहिल्याचे म्हणणे असे की उद्रेक चार मोठ्या आवेगांत झाले आणि त्यांतील एक आवेग सामूहिक विलोपाच्या, म्हणजे डायनोसॉरसह असंख्य सजीव नष्ट झाले त्या घटनेच्या, काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाला. दुसऱ्याचे म्हणणे असे की लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग विलोपाच्या नंतर बाहेर आला. दोन्ही गटांनी एकाच डोंगररांगेत, अतिशय काटेकोरपणे काम केले होते. लाव्हाच्या ढिगात विलोपाची रेघ नेमकी कोणत्या थराशी ओढायची, यावर त्यांचे एकमत झाले नाही.

दुसऱ्या बाजूला मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे आघातविवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विलोपाच्या थरातील रुथेनियम या धातूची समस्थानिके तपासली गेली, आणि आदळलेली वस्तू गुरूच्या कक्षेपलीकडे जन्मलेला कार्बनयुक्त लघुग्रह होती, असा निष्कर्ष निघाला. विलोपाचे मुख्य कारण म्हणून बहुसंख्य संशोधक आज या आघाताकडे बोट दाखवतात. दख्खनच्या उद्रेकांनी हवामान आधीच किती अस्थिर केले होते, आणि नंतर जीवसृष्टीला सावरायला किती वेळ लावला, यावर काम चालू आहे.

आता आपल्या वाक्यातील दुसरी अडचण पाहा. इगतपुरी, कळसूबाई, भंडारदरा या परिसरात आपण ज्या थरांवर चालतो ते कळसूबाई उपगटाचे, म्हणजे ढिगाच्या खालच्या भागातले आहेत. विलोपाची रेघ दोन्ही शोधनिबंधांनी त्यांच्या वर, लोणावळा आणि वाई या उपगटांच्या थरांत दाखवली आहे. म्हणजे ज्या एका गोष्टीवर दोन्ही गट सहमत आहेत, ती अशी की नाशिकचे हे कडे डायनोसॉर जिवंत असताना तयार झाले. गटाला थांबवायचे असेल तर हे सांगा: 'हा लाव्हा निवला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते.' हे वाक्य खरे आहे, आणि माझ्या मते अधिक अंगावर येणारेही आहे.

सह्यभ्रमंती:

पटले, ताई. पुढच्या रविवारी रतनगडावर हेच सांगेन. दोन गटांचे एकमत नाही, हेही सांगावे का? लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल, अशी भीती वाटते.

अंजनेरी:

अवश्य सांगावे, पण मतभेद नेमका कशावर आहे, हेही त्याच दमात सांगावे. उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास झाले, यावर वाद नाही. वाद त्यातल्या काही लाख वर्षांच्या हिशेबावर आहे. इतके सांगितले की ऐकणाऱ्याला शंका येण्याऐवजी मोजमापाची बारकाई कळते. माझ्या वर्गातला अनुभव असाच आहे.

द्राक्षबागायतदार:

मी निफाड तालुक्यातील शेतकरी आहे. गेरूचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. आमच्या वडिलांच्या काळी विहीर खणणारे वरून मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण आणि मध्ये कुठे गेरू, असे थर मोजत खाली जात. गेरू लागला की ते सावध होत, कारण गेरूतून पाणी खाली मुरत नाही. पाझर असलाच तर त्याच्या वरच्या अंगाला लागतो. ज्या थराने संशोधकांना लाखो वर्षांचे घड्याळ दिले, त्याच थरावर आमच्या विहिरीचे पाणी अडते, हे मला या धाग्यामुळे कळले. शाळांत जाल तेव्हा हे जरूर सांगा, कारण विहिरीचे थर ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसे प्रत्येक गावात अजून आहेत, आणि त्यांना कोणीही वर्गात बोलावत नाही.

दुसरा विषय निसार उपग्रहाचा. तो ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. त्यानंतर आमच्या भागातील एका सभेत एका वक्त्याने सांगितले की हा उपग्रह आता प्रत्येकाच्या विहिरीतील पाणी मोजून दाखवेल. सभेतले शेतकरी आशेने घरी गेले. मला ते तेव्हाही पटले नव्हते. प्रत्यक्षात त्याच्याकडून शेतकऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, हे कोणी नीट सांगेल का?

अंजनेरी:

काका, आपली शंका अगदी योग्य आहे. निसार हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त रडार उपग्रह आहे. त्याच्यावर १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना आहे, आणि तो एल व एस अशा दोन तरंगपट्ट्यांत काम करतो. एल पट्ट्याचे रडार नासाचे, एस पट्ट्याचे इस्रोचे. तो दर १२ दिवसांनी त्याच कक्षामार्गावरून जातो आणि त्याचे रडार ढगांतून आरपार पाहते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडची साधी उपग्रहचित्रे बहुतांशी ढगांचीच असतात, म्हणून आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. जमिनीच्या वरच्या थरातील ओल, पिकांची वाढ आणि जमिनीची सेंटिमीटरभर झालेली हालचाल यांचा अंदाज त्यातून घेता येतो.

विहिरीतील पाणी मात्र त्याला दिसत नाही. जेथे जाड गाळाच्या थरातून पाणी उपसले जाते तेथे जमीन खचते, आणि त्या खचण्यावरून भूजलाविषयी अनुमान करता येते. आपला बेसॉल्ट कठीण आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत असते, त्यामुळे ते उपसल्यावर जमीन तशी खचत नाही. आपल्या विहिरीची पातळी दोर सोडून मोजणे आणि ती वहीत लिहून ठेवणे, याला उपग्रहाचा पर्याय नाही. त्या नोंदी आणि उपग्रहावरून कळणारी मातीतली ओल एकत्र पाहिली, तर मात्र पाणी केव्हा आणि किती मुरते याचे चित्र बरेच स्पष्ट होईल.

शुक्रतारा:

मी हौशी आकाशनिरीक्षक आहे. गोदातीर यांच्या कल्पनेत एक भर सुचवतो. दगड दाखवल्यानंतर मुलांना त्याच रात्री साध्या डोळ्यांनी चंद्र पाहायला सांगावे. आपण ज्याला चंद्रावरचा ससा म्हणतो, तो काळा आकार बेसॉल्टचा आहे. मोठ्या आघातांनी झालेल्या खोलगट भागांत लाव्हा भरला आणि ती मैदाने झाली. भोवतालचा उजळ भाग प्लॅजिओक्लेजचा. म्हणजे काळ्यात पांढरे असा जो दगड गडग्यात सापडला, त्याचेच दोन रंग वर आकाशातही दिसतात.

यामागची कथाही सांगण्यासारखी आहे. १९६९ मध्ये अपोलो-११ चे अंतराळवीर अशाच एका काळ्या मैदानावर उतरले होते. त्यांनी आणलेल्या मातीत मुख्यतः बेसॉल्टचे कण होते, पण थोडे पांढरे कणही निघाले. ते दूरच्या उजळ प्रदेशातून आघातांनी उडून आलेले अ‍ॅनॉर्थोसाइटचे तुकडे असावेत, असे काही संशोधकांनी ओळखले आणि त्यातून शिलारसाच्या महासागराची कल्पना मांडली. मूठभर मातीतील वेगळ्या रंगाच्या कणांकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही, म्हणून चंद्राच्या जन्मकाळापर्यंत पोहोचता आले. चंद्राची जी बाजू आपल्याला कधीच दिसत नाही तेथील माती जून २०२४ मध्ये चीनच्या चांग-ए-६ यानाने प्रथमच पृथ्वीवर आणली. तीत सुमारे २.८ अब्ज वर्षे वयाचा बेसॉल्ट सापडला, म्हणजे त्या बाजूलाही तोवर ज्वालामुखी चालू होते.

तिसरा मुक्काम लोणारचा असावा. बुलडाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसॉल्टमध्ये आघाताने झालेले आहे, आणि अशी उत्तम टिकलेली विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. म्हणून चंद्र आणि मंगळ यांचे अभ्यासक तेथे येतात. आघाताच्या दाबाने तेथील प्लॅजिओक्लेजची काच झाली, तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या उल्केत. त्याच प्रकारच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका उल्केत अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला, आणि हे दगड मंगळावरून आल्याचे मान्य झाले. लोणारच्या वयाचा आकडाही बदलला आहे: पूर्वी ५२ हजार वर्षे सांगत, आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. बऱ्याच ठिकाणी अजून जुनाच आकडा सांगितला जातो.

सिन्नरकर:

बेसॉल्टचा विषय आहे तर सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयाची आठवण करून देतो. लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पाण्याने आणलेली झिओलाइट खनिजे कशी भरली, हे तेथे डोळ्यांनी दिसते. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातील खाणींमधूनही असे स्फटिक निघाले आहेत. मुलांना तेथे आणताना आधी एक साधा, सच्छिद्र दगड हातात द्यावा. नाहीतर ती केवळ रंग पाहून परततात.

पेठवासी:

एक विचारायचे होते. आमच्या पेठ आणि सुरगाणा भागात अधूनमधून भूकंपाचे हलके धक्के बसतात, आणि लगेच मोबाइलवर संदेश फिरतात की जुना ज्वालामुखी पुन्हा जागा होत आहे. वस्तीवरची म्हातारी माणसे रात्र बाहेर काढतात. हे लाव्हाचे डोंगर आहेत असे आपण शाळेत सांगितले, तर ही भीती वाढणार नाही का?

अंजनेरी:

सांगितले नाही तर अधिक वाढेल. या लाव्हाचा उगम खोल प्रावरणातील ज्या उष्ण स्थानाशी जोडला जातो, ते आज हिंदी महासागरातील रेयुनियन बेटाखाली आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकल्याने आपला प्रदेश त्यापासून हजारो किलोमीटर दूर आला आहे. येथे जागा व्हायला शिलारसच उरलेला नाही. धक्के बसतात ते खडकातील जुन्या भेगांवर साचलेला ताण मोकळा होताना. नाशिकच्या 'मेरी' संस्थेतील भूकंपमापन यंत्रणेत त्यांची नोंद होते, आणि वस्तीवर फिरणाऱ्या संदेशाऐवजी ती नोंद विचारावी. घर मातीच्या भिंतींचे असेल तर धक्क्यानंतर थोडा वेळ मोकळ्यावर थांबणे मात्र शहाणपणाचेच आहे. त्यासाठी म्हाताऱ्यांना हसू नये.

गोदातीर:

सर्वांचे मनापासून आभार. मार्गशीर्षात आम्ही इगतपुरीच्या त्याच शाळेत पुन्हा जाणार आहोत. घाटात महामार्गावर मुलांना घेऊन थांबायचे नाही आणि कड्याचा दगड फोडायचा नाही, हे ठरवले आहे. बांधावरचे सुटे दगड पुरेसे आहेत. दुपारी गावातील विहीर खणणारे एक आजोबा थरांविषयी बोलतील, त्यांच्याशी मी कालच बोलून आलो. एका काचेच्या बरणीत गेरू, शेजारी गडग्यातला दगड, आणि संध्याकाळी चंद्र. दगडाशेजारी ठेवायच्या फलकावर पुढील मजकूर लिहिला आहे. ताई, कृपया तपासावा.

'या दगडातील पांढरे स्फटिक प्लॅजिओक्लेजचे आहेत. हा लाव्हा निवला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते. चांद्रयान-३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ हेच खनिज सापडले.'

अंजनेरी:

पहिली दोन वाक्ये तशीच ठेवावीत. तिसऱ्यात 'हेच खनिज' ऐवजी 'याच कुळातील खनिज' करावे, आणि 'दक्षिण ध्रुवाजवळ' ऐवजी 'दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात' असे लिहावे, कारण उतरण्याची जागा ६९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि ध्रुव तेथून सहाशे किलोमीटरहून दूर आहे. आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करता आले तर मला ऐकायला आवडेल. मांजऱ्या या शब्दाने ते नेमक्या कोणत्या थराला ओळखतात, हे मला माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे आहे.

गोदातीर:

दोन्ही बदल केले. ध्वनिमुद्रणाला आजोबांची परवानगी घेतली आहे. त्यांनी एकच विचारले, की चंद्रावर गेरू लागला का. मी त्यांना सांगितले की तेथे पाऊस आणि हवा नसल्याने दगडाची लाल माती होत नाही. त्यावर ते म्हणाले, 'हे मुलांना मीच सांगेन.'